डोळे सोलून

ईडी प्राउडलॉकचा बाप कोळसा काढायचा
समुद्राच्या पोटाखालून.
वर बोटी चालायच्या, खाली तो गुडघ्यांवर.
आणि रविवारी, ह्याच किनाऱ्यावर,
लाटांनी परत केलेला कोळसा पोत्यात भरायचा.
पोरगी सोबत. वय सहा. बुटांत पाणी.
"कीप युअर आईज पील्ड, पेट."
एवढंच म्हणायचा. बाकी बोलणं जड जायचं,
खोकल्यामुळे.

हे तिनं मला पहिल्यांदा सांगितलं
तेव्हा मी तिच्या ओट्यापाशी बटाटे सोलत होते
आणि सुरी थांबली.
डोळे सोलायचे?
आमच्याकडे डोळ्यांत तेल घालतात, मी म्हटलं.
"कसलं? मोटारीचं?"
मग आम्ही दोघींनी ठरवून टाकलं की
कुठल्याही देशात, शोधणाऱ्याच्या डोळ्यांची
आग ही होणारच.

ती काच शोधते.
इथे कड्यावर बाटल्यांचा कारखाना होता म्हणे,
दिवस संपला की उरलीसुरली काच खाली समुद्रात.
समुद्रानं ती शंभर-दीडशे वर्षं चघळली
आणि आता लहर लागली की एकेक गोळी थुंकतो.
ओहोटीचं वेळापत्रक फ्रिजवर, त्यावर चहाचे डाग.
पहाटेचे चार असोत, गारा असोत, ती जाते,
वाकून, हात पाठीमागे बांधून,
हरवलेली सुई शोधावी तशी.
हरवलेलं मात्र काही नाही.
तिला लाल हवीय. एकाहत्तर वर्षांत एकही नाही.

"सापडली की थांबशील?"
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जणू मी विचारलं होतं,
आज जेवलीस, म्हणजे उद्या भूक नाही ना लागणार?

फेब्रुवारीत तिचे डोळे खरंच सोलले.
मोतीबिंदू. सुंदरलंडच्या दवाखान्यात
वीस-वीस मिनिटांचं काम, मधे पाच आठवडे.
दिवसातून चार वेळा मी थेंब घालायचे.
"आण तुझं तेल," म्हणायची, मान मागे टाकून,
तोंड उघडं, घरट्यातल्या पिलासारखं.

दुसरी पट्टी सुटली त्या सकाळी
ती खिडकीतल्या बरण्यांसमोर उभी राहिली.
बराच वेळ.
मग 'पांढरी' लिहिलेली बरणी टेबलावर उपडी केली.

पांढऱ्यांत निळ्या होत्या.
दुधात शाईचा एक थेंब पडावा इतक्याच,
काही जांभळट,
एक तर थेट वांग्याच्या फुलासारखी.
हे मनात आलं, बोलले नाही,
वांग्याचं फूल तिनं कुठे पाहिलंय?

ती हरखली नाही.
"पांढऱ्या फार सापडतात गं," म्हणाली,
"म्हणून दहातली एक ठेवायची मी.
नऊ परत, पाण्यात."
किती वर्षं?
तिनं बोटांवर मोजायला घेतलं, अर्ध्यावर सोडलं.

मी बटाट्यांकडे वळले. जुने होते, मोड आलेले.
आमच्याकडेही बटाट्याला डोळेच असतात
आणि सुरीच्या टोकानं ते आधी खुपसून काढतात.
तेही बोलले नाही.

"बाप काळ्यातून काळं निवडायचा,"
ती काचांना म्हणाली, मला नव्हे.
"ओल्या दगडांतून ओला कोळसा. अंधार पडताना.
आणि चुकायचा नाही."

ओहोटी दोन चाळीसला होती.
खिडकीतून दिसत राहिली:
वाकते, उचलते, उजेडाकडे धरते, खिशात.
चार पावलंही पुढे सरकली नाही तासाभरात.
परतली तेव्हा कोटाचे दोन्ही खिसे ओघळलेले,
त्यांत साध्या पांढऱ्यासुद्धा,
एक गुळगुळीत विटेचा तुकडा,
एक चक्क बटण.

"आज परत काहीच नाही टाकलंस?"

"कसं टाकू," बूट काढत ती म्हणाली.
"डोळ्यांवर अजून किती सालं उरलीत,
कोणाला ठाऊक."